ग्रंथाचे कातडे आणि ग्रंथाचे मोल

दुर्मिळ ग्रंथांचा संग्राहक आणि ग्रंथांचा अभ्यासक यांची मापे वेगवेगळी असतात, ही गोष्ट सर्वसाधारणपणे मान्य केली जाते. संग्राहकास प्रत हवी असते, अभ्यासकास संहिता हवी असते. प्रतीची बांधणी, तिच्या कण्यावरील सोनेरी अक्षरे, कातड्याचा पोत, पहिल्या पानावरील जुन्या मालकाची सही या गोष्टी संग्राहकाच्या दृष्टीने मोलाच्या असतात. अभ्यासक मात्र त्यांकडे ग्रंथाची वेशभूषा म्हणून पाहतो आणि आपले लक्ष आतील अक्षरांवर ठेवतो. या वाटणीत एक प्रकारचा सोयीस्कर समझोता आहे. संग्राहकाने बाहेरचे घ्यावे, अभ्यासकाने आतले घ्यावे, आणि दोघांनी एकमेकांच्या वाटेस जाऊ नये, असा तो समझोता होय. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मराठी ग्रंथांच्या बाबतीत हा समझोता दोन्ही बाजूंनी हानिकारक ठरला आहे, आणि त्या हानीचा भार शेवटी भाषेच्या इतिहासावर पडला आहे.

या प्रश्नाचा विचार करताना यवतमाळ जिल्ह्याचा संदर्भ मुद्दाम घेतला आहे. कातडी बांधणीच्या मौल्यवान ग्रंथांची मोठी दालने या जिल्ह्यात कधी नव्हती. परंतु ग्रंथसंग्रह म्हणजे काय, तो कशासाठी करावयाचा, या प्रश्नाचे एक स्वतंत्र आणि विचार करण्याजोगे उत्तर या जिल्ह्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिले आहे. ते उत्तर समजून घेण्यापूर्वी काही शब्दांकडे वळले पाहिजे. भाषेच्या अभ्यासकाने आपल्या घरच्या सामग्रीपासून आरंभ करावा हे बरे.

ग्रंथवाचक मराठी शब्दांची मुळे पाहिली तर एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. 'पोथी' हा शब्द प्राकृतातील 'पोत्थअ' या रूपाच्या द्वारे संस्कृत 'पुस्तक' या शब्दाशी जोडला जातो. हा संस्कृत शब्द मूळचा भारतीय नसून मध्य-इराणी भाषांतून आला असावा, आणि त्याच्या मुळाशी कातडे या अर्थाचा 'पोस्त' हा शब्द असावा, असे मत व्युत्पत्तिशास्त्रात बऱ्याच अंशी रूढ झाले आहे. 'दप्तर' हा शब्द फारसी 'दफ्तर'वरून आला; आणि फारसीने तो ज्या ग्रीक शब्दापासून घेतला तो 'दिफ्थेरा' म्हणजे पुन्हा कमावलेले कातडेच. आयोनियन ग्रीक लोक पूर्वी कातड्यावर लिहीत असल्यामुळे पुढे पपायरसच्या गुंडाळ्यांनाही कातडीच म्हणत राहिले, अशी नोंद हिरोडोटसने केली आहे. हिंदी-उर्दूत बांधणीस 'जिल्द' म्हणतात. मूळ अरबीत त्याचा अर्थ कातडी. आपला 'पुठ्ठा' हा शब्द जनावराच्या मागल्या भागास लावतात आणि पुस्तकाच्या आवरणासही लावतात. संस्कृत 'पृष्ठ' या शब्दाशी त्याचे नाते आहे. याच्या उलट 'पान' आणि 'पत्र' हे शब्द झाडाकडून आले आहेत, आणि 'ग्रंथ' हा शब्द गाठ बांधण्याच्या क्रियेकडून आला आहे.

यावरून एक घाईचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. शब्दाच्या मुळाशी कातडे आहे, तेव्हा वस्तूच्या मुळाशीही कातडेच असले पाहिजे, असा तो निष्कर्ष होय. दुर्मिळ ग्रंथांविषयीच्या हौशी लेखनात अशा तऱ्हेची विधाने वारंवार आढळतात. परंतु शब्दाची व्युत्पत्ती हा वस्तूचा इतिहास नव्हे. शब्द प्रवास करतात तेव्हा वस्तू मागे ठेवून येतात. भारतात ग्रंथ लिहिले गेले ते भूर्जपत्रावर, ताडपत्रावर आणि पुढे हातकागदावर. पाने सुटी, त्यांच्या वर-खाली लाकडी फळ्या, आणि त्या सर्वांभोवती कापडाचे वेष्टन, हेच पोथीचे प्रचलित रूप होते. कातड्याचा विटाळ मानणाऱ्या धर्माचाराने देवघरातील पोथीस कातडे लावू दिले नाही. दख्खनच्या सुलतानशाह्यांत अरबी-फारसी हस्तलिखितांची कातडी बांधणी उत्तम प्रकारे होत होती. तिच्या शेजारी राहूनही मराठी पोथीने आपले कापडी वेष्टन सोडले नाही. शब्द कातड्याचा आणि वस्तू कापडाची, ही विसंगती मराठी ग्रंथव्यवहाराच्या अगदी आरंभापासून आहे.

ही विसंगती ध्यानात घेतली म्हणजे युरोपीय ग्रंथसंग्राहकाची मोजपट्टी मराठी ग्रंथांना लावणे किती अडचणीचे आहे हे उघड होते. ती मोजपट्टी एका विशिष्ट इतिहासातून निर्माण झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणापर्यंत इंग्लंडात छापील पुस्तक बहुधा सुट्या फर्म्यांच्या रूपात अथवा साध्या पुठ्ठ्यात विकले जाई, आणि घेणारा आपल्या ऐपतीप्रमाणे ते वासराच्या किंवा बोकडाच्या कातड्यात बांधून घेई. प्रकाशकाने तयार कापडी बांधणीत पुस्तक देण्याची चाल १८२० नंतरची आहे. तेव्हा कातडी बांधणी ही ग्रंथाच्या कर्त्याविषयी किंवा मुद्रकाविषयी काही सांगत नाही. ती सांगते ते मालकाविषयी. बोकडाच्या कातड्याचे 'मोरोक्को' पूर्ण बांधणीस वापरले आहे, की कण्यास व कोपऱ्यांस तेवढे कातडे लावून बाकी कागदावर भागविले आहे, यावरून मालकाची सांपत्तिक स्थिती कळते. संग्राहक ज्याला ग्रंथाचे सौंदर्य म्हणतो तो पुष्कळदा मालकाच्या मिळकतीचा दाखला असतो.

मराठी मुद्रणाचा आरंभकाळ या मोजपट्टीत बसत नाही. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले गेले, आणि त्याचा कोश १८१० साली मोडी ठशांत निघाला. त्याच सुमारास, १८०५ साली, मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यापूर्वीच्या मराठी मुद्रितांना आपण 'दोलामुद्रिते' म्हणतो. हा शब्द लॅटिन शब्दाच्या धर्तीवर बनविलेला आहे; मुद्रणकलेच्या पाळण्यातील अवस्था असा त्याचा आशय. युरोपात ही मर्यादा १५०० सालाशी थांबते, आपल्याकडे ती १८६७ पर्यंत येते. म्हणजे केवळ काळाचे माप लावले तर आपली सारी दोलामुद्रिते युरोपीय बाजारात अगदी अलीकडची ठरतात, आणि केवळ बांधणीचे माप लावले तर त्यांतील बहुसंख्य ग्रंथ अगदीच दरिद्री दिसतात. शिळाछापाची पोथ्यांच्या आकाराची पुस्तके, पंचांगे, क्रमिक पुस्तके, बखरी यांना कोणी मोरोक्कोत बांधले नाही. ती वापरून झिजली. आज त्यांची दुर्मिळता आहे ती या झिजण्यामुळे आहे, म्हणजेच वाचली गेल्यामुळे आहे.

मराठी भाषकांत युरोपीय पद्धतीच्या ग्रंथसंग्राहकाचे थोर उदाहरण शोधावयाचे झाल्यास ते महाराष्ट्राबाहेर, तंजावरास सापडते. सरफोजी राजे दुसरे (१७७७–१८३२) यांनी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आदी भाषांतील सुमारे साडेचार हजार ग्रंथ जमविले, आणि त्यांतील अनेकांवर त्यांची रोमन लिपीतील सही आहे. हा संग्रह आज सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. या ग्रंथांत विलायती कातडी बांधणीचे ग्रंथ असणे स्वाभाविकच होते. तथापि सरफोजींचे महत्त्व त्या बांधण्यांत नाही. वैद्यक, शरीरशास्त्र, भाषा आणि भूगोल या विषयांचे ग्रंथ त्यांनी आणविले ते वापरण्यासाठी. याच राजाने तंजावरास देवनागरी छापखाना चालविला आणि इसापाच्या कथा मराठीत आणून छापविल्या. संग्रह आणि निर्मिती यांचे असे नाते जेथे असते तेथे बांधणी कातड्याची आहे की कापडाची, हा प्रश्न गौण होतो. सरफोजींचे नाव घेऊन निव्वळ देखण्या बांधणीच्या संग्रहाचे समर्थन करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आता यवतमाळकडे वळू. यशवंत खुशाल देशपांडे हे व्यवसायाने वकील. परंतु विदर्भाच्या संशोधनक्षेत्रात त्यांचे नाव राहिले आहे ते महानुभाव वाङ्मयाचे संशोधक म्हणून. यवतमाळ येथे त्यांनी उभारलेला 'शारदाश्रम' ही जिल्ह्याच्या ठिकाणी, विद्यापीठाच्या आधारावाचून चाललेली संशोधनसंस्था होती. हस्तलिखितांचा संग्रह हे तिचे एक प्रमुख कार्य होते. त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. या ग्रंथाचे महत्त्व समजण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती आठवावी लागते. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. पंथाची परंपरा सकळ लिपीचे श्रेय रवळोबास यांना देते. मठांतून पोथ्या होत्या, त्यांची निगा होती, नमस्कार होता. परंतु पंथाबाहेरच्या वाचकाला त्या पूर्णपणे बंद होत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केली, आणि त्यानंतर वि. ल. भावे, देशपांडे आदी अभ्यासकांच्या प्रयत्नांनी हे वाङ्मय मराठीच्या इतिहासात दाखल झाले.

महानुभावांची पोथी ही संग्राहकाच्या मोजपट्टीचे खंडन करणारी वस्तू आहे. तिच्यावर सोने नाही, कातड्यावर उठविलेली नक्षी नाही. दौलताबादी किंवा तत्सम हातकागद, काळी शाई, कोठे तांबडी शाई, आणि न वाचता येणारी अक्षरे. बाजारात ती मांडली असती तर शोभिवंत बांधणीच्या एखाद्या विलायती प्रवासवर्णनापुढे तिची किंमत शून्य ठरली असती. परंतु तेराव्या-चौदाव्या शतकांतील मराठी गद्याचे स्वरूप कळते ते याच पोथ्यांमुळे. सांकेतिक लिपीत नक्कल करणारा लेखक अक्षरागणिक नक्कल करतो, त्यामुळे आपल्या काळची रूपे घालण्यास त्याला वाव कमी मिळतो. शिवाय ग्रंथ पंथाच्या कक्षेत राहिल्यामुळे कीर्तनकार व पाठक यांच्या मुखातून होणारे बदल त्यांत कमी झाले. म्हणून 'लीळाचरित्रा'सारख्या ग्रंथाला भाषेच्या इतिहासात असे स्थान आहे. ह. ना. नेने यांनी १९३६-३७ च्या सुमारास ते भागशः प्रसिद्ध केले आणि वि. भि. कोलते यांची अनेक हस्तलिखितांवर आधारलेली आवृत्ती १९७८ साली निघाली. नागपूर, अमरावती, यवतमाळ या पट्ट्यात झालेले हे कार्य एका साखळीचे दुवे आहेत. आणि त्या साखळीत संग्रह हा पहिला दुवा आहे, शेवटचा नव्हे.

देशपांडे यांच्या संग्रहवृत्तीचे वैशिष्ट्य नेमके येथे आहे. त्यांनी पोथी मिळविली ती वाचण्यासाठी; वाचली ती इतरांस सांगण्यासाठी. संग्रहाची परिणती वाङ्मयेतिहासात झाली. संग्राहकाची पारख करण्याची दुसरी कोणतीही कसोटी मला याहून अधिक विश्वसनीय वाटत नाही.

येथवरचे विवेचन वाचून काही वाचक असे म्हणतील की, मग प्रश्न मिटलाच. संहिता महत्त्वाची, बांधणी दुय्यम. संहिता छापून झाली की मूळ प्रतीचे काम संपले. ही भूमिका आमच्या विद्यापीठांतून इतकी रुळली आहे की तिची कोणी तपासणीही करीत नाही. तिची तपासणी करणे हाच या लेखाचा दुसरा, आणि माझ्या मते अधिक निकडीचा हेतू आहे.

राजवाडे यांनी संपादिलेली ज्ञानेश्वरी १९०९ साली प्रसिद्ध झाली. मराठवाड्यातील बीड भागात मिळालेल्या एका पोथीवर ती आधारलेली होती. ही पोथी एकनाथपूर्व काळातील आहे असे राजवाडे यांचे प्रतिपादन होते, आणि त्याच पोथीतील रूपांवरून त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण सिद्ध केले. जुन्या मराठीच्या व्याकरणाचा हा पहिला मोठा प्रयत्न होय. पुढे या पोथीच्या प्राचीनतेविषयी शंका घेतल्या गेल्या. ज्या शंका कागद, शाई, अक्षरवळण, पानांची रचना आणि दुरुस्त्यांच्या खुणा यांच्या तपासणीने मिटू शकल्या असत्या, त्या मिटू शकल्या नाहीत, कारण मूळ पोथी पुढे गहाळ झाली. संहिता आपल्याजवळ आहे, अक्षर न अक्षर छापलेली आहे, आणि तरीही त्या संहितेचा पुरावा म्हणून किती विश्वास धरावा हे ठरविण्याचे साधन आपल्याजवळ नाही. एका भाषेच्या ऐतिहासिक व्याकरणाचा पाया ज्या वस्तूवर रचला ती वस्तूच नाहीशी व्हावी, आणि संहिता तर राहिली ना, असे म्हणून आपण समाधान मानावे, यात मला विद्येची हानी दिसते.

ग्रंथाचा देह हा पुरावा असतो, ही गोष्ट मुद्रित ग्रंथांनाही लागू आहे. आमच्या सार्वजनिक ग्रंथालयांत जुनी पुस्तके जीर्ण झाली की ती पुनर्बांधणीस पाठविली जातात. बांधणारा कडा सारख्या करण्यासाठी यंत्राखाली पुस्तक कापतो, मूळ आवरण काढून टाकतो, रेक्झिन चढवितो आणि कण्यावर दाखलक्रमांक घालतो. या एका क्रियेत समासातील टिपणे अर्धी कापली जातात, मुखपृष्ठ जाते, मलपृष्ठावरील किंमत व जाहिराती जातात, आणि देणाऱ्याचे नाव असलेले कोरे पान जाते. नियतकालिकांचे वार्षिक खंड बांधताना तर आवरणे काढून टाकणे हाच नियम होता. त्यामुळे एखाद्या अंकाचा नेमका महिना, त्याची वर्गणी, त्यातील पुस्तकविक्रेत्यांच्या जाहिराती या गोष्टी कळणे अशक्य होते. संग्राहकावर आपण हसतो की तो कातडे पाहतो आणि वाचीत नाही. परंतु तो निदान ते फेकून देत नाही. अभ्यासकांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या संस्थांनीच ते फेकून दिले आहे.

उदाहरणादाखल मोल्सवर्थचा कोश घ्यावा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, आणि सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ ची. १९७५ साली पुण्यात तिचे पुनर्मुद्रण झाले आणि आता तर तो कोश संगणकावर कोणासही पाहता येतो. मग १८५७ ची मूळ प्रत, कातडी बांधणीची असो वा नसो, जपून ठेवण्याचे कारण काय? संहितेपुरते पाहिले तर काहीच नाही. परंतु त्या काळी कोश वापरणारे मामलेदार, मिशनरी, शिक्षक आणि वकील आपल्या प्रतींत कोरी पाने घालून त्या पुन्हा बांधून घेत, आणि त्या पानांवर आपल्या मुलखातील शब्द लिहीत. वऱ्हाडी बोलीच्या अभ्यासकास अशी एक प्रत मिळाली तर ती दहा स्वच्छ प्रतींपेक्षा मोलाची होय. संग्राहकाच्या बाजारात मात्र लिहिलेल्या प्रतीची किंमत उतरते आणि कोऱ्या समासाची चढते. येथे दोन मापांचा विरोध अगदी उघड होतो. आणि या ठिकाणी अभ्यासकाने स्वतःच संग्राहक झाले पाहिजे, कारण त्याच्यावाचून ही प्रत कोणी राखणार नाही.

कातड्याच्या बाबतीत आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कातडी बांधणी टिकाऊ असते असा समज सार्वत्रिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बांधण्यांविषयी तो खरा नाही. त्या काळची पुस्तके हाताळताना कण्याची तांबूस पूड बोटांस लागते, सांधे तुटतात आणि पुठ्ठे निखळतात. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने या ऱ्हासाचा शोध घेण्यासाठी एक समिती नेमली होती. तिचा पहिला अहवाल १९०१ साली प्रसिद्ध झाला. तरवडाच्या सालीने कमावलेली आणि 'पर्शियन' या नावाने विकली जाणारी हिंदुस्थानी कातडी ग्रंथबांधणीस अयोग्य ठरली, हा तिच्या निष्कर्षांपैकी एक होय. कारण रासायनिक आहे. तरवड, बाभूळ यांच्या सालींतील टॅनिन एका वर्गाचे आहे. ते हवेतील गंधकाच्या वायूंशी संबंध येताच कातड्यात आम्लता वाढू देते. हिरडा आणि सुमाक यांतील टॅनिन दुसऱ्या वर्गाचे असून ते या ऱ्हासास अधिक काळ दाद देत नाही. विदर्भाच्या जंगलात हिरडाही होतो आणि बाभूळही होते. म्हणजे टिकाऊ आणि नाशवंत अशा दोन्ही बांधण्यांची सामग्री एकाच परिसरातील झाडांवर होती. निवड झाली ती बाजारातील स्वस्ताईने.

यवतमाळसारख्या ठिकाणी हवामानाचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी होते. पावसाळ्यात तीच हवा दमट होते. या ओढाताणीत कातडे आकसते, पुठ्ठा वाकतो, खळीवर बुरशी येते, आणि वाळवी व कसर यांचे फावते. अशा बांधणीस तेल चोपडण्याचा उपाय पूर्वी तज्ज्ञही सांगत असत. आता तो त्याज्य मानला जातो, कारण तेलाने आम्लता कमी होत नाही, धूळ मात्र चिकटते. पूड होऊ लागलेले कातडे पूर्ववत होत नाही. त्यास योग्य द्रावणाने स्थिर करणे, आम्लरहित कागदात गुंडाळून पेटीत ठेवणे आणि कमीत कमी हाताळणे, एवढेच हाती राहते. गंमत अशी की या सर्व सूचनांचा शेवट जुन्या पोथीच्या रूपाशी येऊन थांबतो. सुती वेष्टन, वर-खाली सपाट आधार, बंद पेटी, कोरडी जागा. आमच्या मठांतील पोथ्या शतकानुशतके याच रीतीने राहिल्या.

या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती वगळून कातडी बांधणीविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठीत कातडे 'कमावतात'. मिळकत आणि कातड्याचे संस्करण या दोन्ही क्रियांना भाषेने एकच क्रियापद दिले, समाजाने मात्र त्यांतील एकीस मान दिला आणि दुसरीस विटाळ लावला. ढोर आणि चांभार समाजांतील कारागिरांनी कमावलेले कातडे ग्रंथाच्या कण्यापर्यंत पोचले, परंतु त्या ग्रंथाच्या पानापर्यंत त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पोचू दिले नाही. बांधणीचे वर्णन करणाऱ्या सूचींत कातड्याचा प्रकार असतो, सोन्याच्या रेघांची संख्या असते, कधी बांधणाऱ्या विलायती दुकानाचे नाव असते; कमावणाऱ्याचा उल्लेख मात्र नसतो. डॉ. आंबेडकरांनी दादरच्या 'राजगृहा'त जो प्रचंड ग्रंथसंग्रह केला त्याचे स्थान केवळ पुस्तकांच्या संख्येने ठरवू नये. ज्यांच्या हातांना ग्रंथाचे फक्त कातडे ठाऊक होऊ दिले होते त्यांच्यापैकी एकाने ग्रंथाच्या आतील सर्व दालनांवर आपला हक्क सांगितला, हा त्या संग्रहाचा अर्थ आहे. हौशी संग्राहकांच्या चर्चेत या संग्रहाचे नाव क्वचित निघते, कारण तेथे बांधणीपेक्षा वाचनाच्या खुणा अधिक आहेत. माझ्या दृष्टीने हेच त्या चर्चेच्या अपुरेपणाचे गमक आहे.

आता प्रश्न येतो तो व्यवहाराचा. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधीविषयक कायद्याने ७५ वर्षांपेक्षा जुनी, शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात आणि त्यांच्या निर्यातीवर बंधन येते. २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू झाले आणि नोंदणीस चालना मिळाली. परंतु कायदा वस्तूस देशात ठेवतो. तो तिला अखंड ठेवीलच असे नाही. चित्रे असलेली पाने सुटी करून विकणे, जुनी बांधणी काढून ती दुसऱ्या ग्रंथास चढविणे, मालकाच्या सहीचे पान कापून घेणे हे प्रकार जगभराच्या बाजारात चालत आले आहेत. ग्रंथसूचीही येथे पुरी पडत नाही. शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची 'मराठी ग्रंथसूची' हे आमचे अमूल्य साधन आहे. परंतु सूची नोंद करते ती ग्रंथाची, प्रतीची नव्हे. कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणत्या अवस्थेत कोणती प्रत आहे, हे काम सूचीनंतर उरते. आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांतूनच होऊ शकते.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांस माझे सुचविणे असे आहे. यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड येथील मठ, सार्वजनिक वाचनालये आणि जुनी घरे यांतून जे ग्रंथ आहेत त्यांचे वर्णन करताना संहितेइतकेच लक्ष देहाकडे द्यावे. पानांची लांबी-रुंदी, ओळींची संख्या, कागदाचा प्रकार, शिवणीची रीत, वेष्टन कापडी की कातडी, पुन्हा बांधल्याच्या खुणा, समासातील लेखन, मालकांची नावे आणि लेखनसमाप्तीची पुष्पिका, एवढ्या गोष्टींची नोंद प्रत जागची न हलविता करता येते. प्रत तिच्या ठिकाणी राहू द्यावी. मठातील पोथी त्या मठातच सापडली, हाही तिच्याविषयीचा एक पुरावा आहे, आणि ती उचलून आणताक्षणी तो पुरावा पुसला जातो. जेथे नाशाचा प्रत्यक्ष धोका असेल तेथेच स्थलांतराचा विचार करावा, आणि तो मालकाच्या संमतीने व लेखी नोंदीने करावा.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा गोव्यात छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मुद्रणाने ते काव्य वाचविले नाही, आणि त्या प्रतींची बांधणी कशीही असली तरी तिनेही ते वाचविले नाही. ते वाचले ते भाविकांनी हातांनी उतरवून घेतलेल्या नकलांमुळे. त्या नकलांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरहून ते पुन्हा छापता आले. तथापि मूळ मुद्रित प्रत नसल्यामुळे स्टीफन्सची भाषा नेमकी कोणती, नक्कलकारांची कोणती, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकापुढे आजही उभा आहे. वाचकांनी ग्रंथ जगविला. देह गेल्यामुळे त्याविषयीचे निश्चित ज्ञान मात्र गेले. संग्राहक आणि अभ्यासक यांच्या समझोत्यातील दोन्ही उणिवा या एका उदाहरणात एकत्र आल्या आहेत, आणि त्या भरून काढण्याचे काम दोघांपैकी कोणा एकावर सोपवून चालणार नाही.